स्पोर्ट्स कारचे ब्रेक घरीच ब्लीड कसे करायचे आणि निगा कशी राखायची

ट्रॅकवरचं तिसरं सेशन होतं. लांब सरळ पट्टा संपला, पुढे उजवं वळण, पाय दाबला तर पेडल अर्ध्यापर्यंत नेहमीसारखं गेलं आणि तिथून पुढे एकदम मऊ, उशीवर पाय ठेवल्यासारखं, थेट खाली. तीन-चार वेळा पटापट पंप केलं तेव्हा कुठे थोडा दाब आला आणि गाडी वळणाबाहेरच्या मोकळ्या जागेत जाऊन थांबली. कुणाला काही झालं नाही, गाडीलाही नाही. पॅड नवे होते, डिस्क नव्या होत्या, टायर चांगले होते, फक्त ब्रेक ऑइल तीन वर्षं जुनं होतं आणि त्याच्याकडे मी कधी बघितलंच नव्हतं. त्यानंतर ब्रेक ब्लीड करायचं काम, म्हणजे लाइनमधलं जुनं ऑइल आणि अडकलेली हवा बाहेर काढून नवं ऑइल भरायचं, मी दुसऱ्या कुणावर सोडलेलं नाही, आणि म्हणूनच हे सगळं एवढं लांबलचक लिहितोय.

आधी थोडं समजून घ्या, नाहीतर पुढच्या पायऱ्या नुसत्या पाठ केल्यासारख्या होतील. आपण त्याला ब्रेक ऑइल म्हणतो पण ते तेल नाहीच, डॉट ३, डॉट ४ आणि डॉट ५.१ हे तिन्ही ग्लायकॉल जातीचे द्रव आहेत आणि त्यांचा स्वभाव म्हणजे हवेतलं पाणी शोषून घेणं. झाकण घट्ट असलं तरी रबरी होजमधून आणि सीलमधून ओल हळूहळू आत येतच राहते. पाणी शिरलं की उकळण्याचं तापमान धडाधड खाली येतं. डॉट ४ ची मानकाप्रमाणे किमान मर्यादा कोरड्या (म्हणजे ताज्या) अवस्थेत २३० अंश सेल्सिअस आणि ओल्या (म्हणजे पाणी शोषलेल्या) अवस्थेत फक्त १५५, डॉट ३ ची २०५ आणि १४०, डॉट ५.१ ची २६० आणि १८०. आता ब्रेकवर किती उष्णता येते बघा. १५०० किलोची गाडी ताशी १०० वरून थांबवली तर साधारण ५८० किलोज्यूल ऊर्जा डिस्क आणि पॅडमध्ये उष्णता म्हणून जाते, आणि तीच गाडी २०० वरून नुसती १०० वर आणली तर त्याच्या तिप्पट. ही उष्णता पॅडमधून कॅलिपरच्या (डिस्कवर पॅड दाबणारा भाग) पिस्टनमध्ये आणि तिथून द्रवात उतरते, द्रव उकळला की वाफेचे बुडबुडे होतात, द्रव दाबला जात नाही पण वाफ दाबली जाते, मग तुमचा पाय फक्त ते बुडबुडे दाबत बसतो आणि कॅलिपरपर्यंत काही पोचत नाही.

म्हणून पेडल काय सांगतंय ते ओळखायला शिका. पेडल दगडासारखं कडक आहे पण गाडी थांबत नाही, तर पॅड तापून फेड झालेत, म्हणजे त्यांची पकड गेलीय. पेडल मऊ होऊन खाली जातंय, तर द्रव उकळलाय किंवा लाइनमध्ये हवा आहे. दाबून धरल्यावर हळूहळू खाली सरकतंय, तर कुठेतरी गळती आहे नाहीतर मास्टर सिलिंडरचे (पेडल दाबल्यावर द्रवात दाब तयार करतो तो) सील गेलेत. पहिल्या दाबाला खोल जातं आणि दुसऱ्याला वर येतं, तर बऱ्याचदा बेअरिंगमधल्या खेळामुळे नाहीतर कर्बवरून गाडी गेल्यामुळे डिस्कने पॅड मागे ढकललेले असतात. ब्लीडिंगने यातलं फक्त दुसरं दुखणं बरं होतं. बाकीच्यांवर कितीही ऑइल ओतलं तरी उपयोग नाही.

ऑइल कुठलं घ्यायचं

कंपनीने रिझर्व्हॉयरच्या (ब्रेक ऑइलच्या टाकीच्या) झाकणावर आणि मॅन्युअलमध्ये जो डॉट नंबर लिहिलाय तो किमान धरा. फक्त रस्त्यावर चालवायची गाडी असेल तर ताजं डॉट ४ किंवा ५.१ पुरेसं आहे, खरंच पुरेसं आहे. ट्रॅकवर जाणार असाल तर मोटूल आरबीएफ ६६० सारखं रेसिंगचं घ्या, त्याचं कोरडं उकळण्याचं तापमान ३२५ अंश आहे. पण रेसिंगचं घातलं म्हणजे दोन वर्षं बघायला नको असं समजू नका, ट्रॅकवरच्या गाडीचं मी सीझनच्या सुरुवातीला पूर्ण बदलतो आणि प्रत्येक ट्रॅक दिवसाआधी चारही कॅलिपरमधून थोडं थोडं काढतो. रस्त्यावरच्या गाडीला बहुतेक कंपन्या दोन वर्षं सांगतात, ती पाळा, मग किलोमीटर कितीही कमी का असेनात. शेडमध्ये नुसती उभी असलेली गाडीसुद्धा पाणी शोषतच असते.

एक धोका मात्र नीट लक्षात ठेवा. डॉट ५ आणि डॉट ५.१ ही नावं भावंडांसारखी वाटली तरी डॉट ५ हे सिलिकॉन आहे, जांभळ्या रंगाचं, ग्लायकॉलमध्ये मिसळत नाही आणि एबीएसच्या गाडीत घालायचं नाही. आणि इंजिन ऑइल, ग्रीस, डिझेल, पेट्रोल असलं काहीही ब्रेकच्या आतल्या भागाला लागू देऊ नका, सीलचं रबर फुगतं आणि मग मास्टर सिलिंडरपासून कॅलिपरपर्यंत सगळे सील आणि होज बदलत बसावे लागतात. बाटली सीलबंदच घ्या, एक लिटर पूर्ण बदलायला साधारण पुरतं, आणि उरलेली अर्धी बाटली पुढच्या वर्षासाठी ठेवू नका.

सामान

चांगला जॅक, चार जॅक स्टँड, चाकांना लावायला ठोकळे, टॉर्क रेंच, निप्पलच्या (कॅलिपरवरचा ऑइल बाहेर सोडायचा छोटा पोकळ स्क्रू) मापाचा रिंग पाना (बहुतेक ८ ते ११ एमएमच्या मधला कुठलातरी), निप्पलवर घट्ट बसणारी पारदर्शक नळी दोन-तीन फूट, एक रिकामी पारदर्शक बाटली, रिझर्व्हॉयरमधून जुनं उपसायला मोठी सिरिंज, ब्रेक क्लीनर, नायट्राइलचे हातमोजे, चष्मा, भरपूर फडकी आणि पाण्याची एक बादली. बादली विसरू नका कारण हे ऑइल रंगावर सांडलं की रंग खातं, पुसू नका, लगेच भरपूर पाण्याने धुवा. फेंडरवर ओलं फडकं टाकूनच मी सुरुवात करतो.

फिक्स पान्याने निप्पल उघडायचा मोह आवरा. निप्पल पोकळ असतो, कडा गोल झाल्या किंवा तुटला तर दहा मिनिटांचं काम दोन दिवसांवर जातं. सहा कोनांचा रिंग पाना घ्या, आणि गाडी जुनी असेल तर आदल्या दिवशी निप्पलच्या बुडाशी गंज सोडवणारा स्प्रे थोडासा मारून ठेवा, डिस्कवर उडणार नाही असा. नाहीच सुटला तर आधी किंचित घट्ट करायच्या दिशेने हलवा, कट् झालं की मग उघडा.

गाडी उचलणं

स्पोर्ट्स कार खाली असते, जॅक आत जात नाही, म्हणून पुढची चाकं आधी जाड फळ्यांवर चढवा, मग जॅक सरकवा. उचलायची जागा मॅन्युअलमध्ये बघा, अंदाजाने नको, या गाड्यांना खालून प्लॅस्टिकचे आणि ॲल्युमिनियमचे पत्रे असतात ते सहज चेपतात. जागा सपाट आणि पक्की हवी. चाकाचे नट गाडी जमिनीवर असतानाच थोडे सैल करा. गाडी स्टँडवर बसली की दोन्ही हातांनी चांगली हलवून बघा, डुलली तर परत खाली घेऊन नीट बसवा. नुसत्या जॅकवरच्या गाडीखाली हातसुद्धा घालायचा नाही, यात मी कुणाचंच ऐकून घेत नाही. इंजिन बंद, ब्रेक थंड. ट्रॅकवरून आल्या आल्या हे काम सुरू करू नका, कॅलिपर हात भाजण्याइतके गरम असतात.

चाकं निघालीच आहेत तर बघून घ्या

ब्लीड करायच्या आधी पाहणी करा, कारण पॅड किंवा होज बदलायचे निघाले तर ते आधी उरकून मगच ब्लीड करायचं, नाहीतर काम दोनदा होतं.

पॅडचं मटेरियल पत्रा सोडून ३ एमएमच्या आसपास आलं तर बदला. ट्रॅकवर नेणार असाल तर मी अर्ध्यावर आलेलेच बदलतो, पातळ पॅड उष्णता अडवत नाही, ती सरळ पिस्टनवर आणि ऑइलवर जाते. आतला आणि बाहेरचा पॅड दोन्ही बघा, एकच जास्त झिजला असेल तर स्लायडिंग कॅलिपरची पिन अडकलेली असते, ती काढून पुसून ब्रेकचं सिलिकॉन ग्रीस लावा. फिक्स्ड कॅलिपरमध्ये, म्हणजे चार किंवा सहा पिस्टनवाल्यात, असं दिसलं तर एखादा पिस्टन जाम आहे असं समजा.

डिस्कच्या हॅटवर (मधल्या उंच भागावर) किंवा कडेवर किमान जाडी कोरलेली असते, मायक्रोमीटरने तीन-चार ठिकाणी मोजा. भोकं असलेल्या डिस्कवर भोकांभोवती केसासारख्या बारीक रेषा येतात, पण रेष वाढून कडेपर्यंत पोचली किंवा दोन भोकं जोडली गेली तर ती डिस्क संपली. ब्रेक लावताना स्टिअरिंग थरथरतं तेव्हा सगळे डिस्क वाकली म्हणतात, पण बहुतेक वेळा पॅडचं मटेरियल डिस्कवर कमीजास्त चिकटलेलं असतं. कार्बन सिरॅमिक डिस्क असेल तर चाक काढताना-घालताना ते डिस्कवर आपटू देऊ नका, कड फुटली तर अख्खी डिस्क जाते. जुन्या होजवर भेगा, फुगवटा, ओल दिसली तर बदला. होज आतून सुजलेला असला तर दाब जातो पण परत येत नाही, ते चाक ओढत राहतं आणि बाकीच्यांपेक्षा गरम लागतं. स्टीलची जाळी असलेले होज लावले की पेडल जरा घट्ट वाटतं, जुने रबरी बदलायचेच असतील तर मी तेच लावीन.

पॅडची काळी धूळ कॉम्प्रेसरच्या हवेने उडवू नका, ओल्या फडक्याने किंवा ब्रेक क्लीनरने काढा, ती फुफ्फुसात जायची गोष्ट नाही.

पिस्टन मागे दाबायचा असेल तर दोन गोष्टी. इलेक्ट्रॉनिक पार्किंग ब्रेक असेल तर आधी सर्व्हिस मोडमध्ये टाका, नाहीतर मोटर मोडते. आणि मागचे काही पिस्टन दाबून जात नाहीत, फिरवून जातात; माझदा मियाटाच्या पहिल्या दोन पिढ्यांमध्ये तर मागच्या कॅलिपरवर एका बोल्टच्या आड ॲलन कीने फिरवायचा स्क्रू आहे, ते माहीत नसलं की लोक सी क्लॅम्प लावून जोर करत बसतात. पिस्टन मागे गेला की रिझर्व्हॉयरची पातळी वर येते, वाहून जाईल म्हणून लक्ष ठेवा. उलट्या बाजूने हेही समजून घ्या की पॅड झिजले की पातळी आपोआप खाली जाते, म्हणून पातळी उतरली की लगेच वरून ओतण्याआधी पॅड तपासा आणि गळती शोधा.

प्रत्यक्ष ब्लीडिंग

रिझर्व्हॉयर आणि आजूबाजूचा भाग पुसून घ्या, झाकण उघडा, सिरिंजने जुनं काळपट ऑइल उपसा पण तळाची भोकं उघडी पडू देऊ नका, आणि नवं ऑइल वरच्या रेषेपर्यंत भरा. यामुळे जुनं सगळं लाइनमधून ढकलत बसावं लागत नाही. पोर्श ९११ किंवा बॉक्स्टरसारख्या गाडीत रिझर्व्हॉयर पुढच्या डिकीत असतो आणि मॅन्युअल गिअरच्या गाड्यांमध्ये तोच क्लचलाही ऑइल देतो, म्हणजे क्लचचं ब्लीडिंगही याच बैठकीत उरकायचं.

क्रम साधारणपणे मास्टर सिलिंडरपासून सगळ्यात लांबच्या चाकापासून जवळच्याकडे. डावीकडे स्टिअरिंग असेल तर मागचं उजवं, मागचं डावं, पुढचं उजवं, पुढचं डावं, आणि स्टिअरिंग उजवीकडे असेल तर याच्या उलट बाजू. पण काही गाड्यांची लाइन तिरकी विभागलेली असते आणि त्यांचा क्रम वेगळा, म्हणून तुमच्या गाडीचं मॅन्युअल सांगेल तेच खरं. फिक्स्ड कॅलिपरला बऱ्याचदा दोन निप्पल असतात, आत एक आणि बाहेर एक, दोन्हींतून काढायचं, नुसता बाहेरचा केला तर आतल्या अर्ध्यात हवा आणि जुनं ऑइल तसंच राहतं.

रबरी टोपी काढा, आधी रिंग पाना बसवा, मग नळी. नळी निप्पलपासून आधी वरच्या दिशेला न्या आणि मग वळवून बाटलीत सोडा, बाटलीत थोडं नवं ऑइल घालून नळीचं टोक त्यात बुडवा. अशाने बुडबुडे निप्पलपासून लांब वर जातात, स्वच्छ दिसतात आणि हवा परत आत ओढली जात नाही.

आता दोन माणसांची जुनी पद्धत, हीच मी सगळ्यांना आधी शिकवतो. एक आत पेडलवर, एक चाकाशी. चाकाशी बसलेला म्हणतो "दाब", आतला हळू आणि एकसारखं दाबतो आणि उलट ओरडतो "दाबलंय". मग निप्पल पाव ते अर्धा फेरा उघडायचा, ऑइल वाहतं, पेडल खाली जातं, आतल्याने ते खालीच धरून ठेवायचं आणि "खाली" म्हणायचं. निप्पल बंद. मग चाकाशी असलेला म्हणतो "सोड". आणि हे असंच, प्रत्येक वेळी, कितीही कंटाळा आला तरी बोलूनच. निप्पल उघडा असताना पेडल सुटलं तर सगळी हवा परत आत, म्हणून घाई करणारा माणूस पेडलवर बसवू नका. पेडलखाली लाकडाचा ठोकळा ठेवा म्हणजे ते पूर्ण तळाला जाणार नाही. जुन्या मास्टर सिलिंडरमध्ये रोजच्या चालीपलीकडे गंज आणि मळ साचलेला असतो, सील त्यावरून घासला की फाटतो, आणि ब्लीडिंगनंतर पेडल खाली बसायला लागलं की लोक म्हणतात ब्लीड करून बिघडलं.

दर सात-आठ दाबांनी रिझर्व्हॉयर बघा, अर्ध्याखाली जाऊ देऊच नका. कोरडा पडला तर हवा एबीएसच्या युनिटमध्ये जाते आणि तिथली हवा पेडल मारून निघत नाही, बहुतेक गाड्यांना मग स्कॅनर लावून एबीएसचा पंप आणि व्हॉल्व्ह चालवावे लागतात. नळीत नवं, स्वच्छ, फिक्या रंगाचं ऑइल एकही बुडबुडा न येता वाहू लागलं की ते चाक झालं. पहिल्या लांबच्या चाकाला सगळ्यात जास्त ऑइल लागतं, पुढे कमी होत जातं. मधून मधून कॅलिपरवर रबरी हातोडीने हलके ठोका, कोपऱ्यात चिकटलेले बारीक बुडबुडे सुटून वर येतात, आणि तुम्हाला वाटतं झालं तेव्हाच दोन-तीन जास्तीचे निघतात.

एकट्याने करायचं असेल तर प्रेशर ब्लीडर मला सगळ्यात आवडतो. रिझर्व्हॉयरच्या झाकणाच्या जागी बसतो, हातपंपाने १ ते १.५ बारपर्यंत दाब भरायचा, त्याहून जास्त नको, प्लॅस्टिकचा रिझर्व्हॉयर आहे. आधी ऑइल न घालता नुसत्या हवेने दाब टिकतोय का बघा, झाकण गळत असेल तर ऑइल अख्ख्या बॉनेटखाली उडेल. मग फक्त चाकाचाकापाशी जाऊन निप्पल उघडायचा आणि बंद करायचा. चाकाकडून ओढणारा व्हॅक्यूम पंपही चालतो, पण त्यात निप्पलच्या आट्यांमधून बाहेरची हवा शिरते आणि नळीत बुडबुडे संपतच नाहीत, नवखा माणूस तिथेच लिटरभर ऑइल वाया घालवतो. व्हॅक्यूमने केलंत तर शेवटचे दोन-तीन दाब पेडलनेच करा.

निप्पल घट्ट करताना हात आवरा. छोट्या निप्पलला १० न्यूटन मीटरच्या आसपास लागतो, नेमका आकडा मॅन्युअलमधून घ्या, ॲल्युमिनियमच्या कॅलिपरच्या आट्या गेल्या की कॅलिपरच बदलायची वेळ येते. टोपी लावा, सगळीकडे पाणी मारून पुसा. आणि कधी नव्या कॅलिपर लावल्यात आणि कितीही ब्लीड केलं तरी पेडल मऊच राहतंय असं झालं तर निप्पल वरच्या टोकाला आहे ना ते बघा, डावी-उजवी अदलाबदल झाली की निप्पल खाली येतो आणि हवा वर अडकून बसते.

तपासणी

इंजिन बंद ठेवून पेडल पाच-सहा वेळा दाबा, उंच आणि कडक लागलं पाहिजे. मग जोरात दाबून मिनिटभर धरा, खाली सरकता कामा नये. पाय तसाच ठेवून इंजिन सुरू करा, पेडल किंचित खाली गेलं की बूस्टर (पायाच्या जोराला मदत करणारा भाग) ठीक आहे. आता कुणालातरी पेडल दाबून धरायला सांगून प्रत्येक निप्पल आणि जोड टॉर्च लावून बघा, कोरडा असायला हवा. शंका आली तर गाडी हलवायची नाही, परत एक फेरी करा. पेडल पटलं तरच चाकं लावा, नट चांदणीच्या क्रमाने, मॅन्युअलमधल्या आकड्याला टॉर्क रेंचने, गाडी जमिनीवर घेऊन. पॅड मागे ढकलले असतील तर गाडी हलवण्याआधी पेडल पंप करून ते डिस्कला टेकवून घ्या, हे विसरलं की पहिलं ब्रेक लागतच नाही. मग मोकळ्या जागेत ताशी १० वर थांबवून बघा, मग ३० वर.

नवे पॅड किंवा डिस्क लावल्या असतील तर बेडिंग करा, म्हणजे पॅड आणि डिस्क एकमेकांना नीट बसवून घ्या. रिकामा रस्ता हवा, साधारण ताशी १०० वरून २० वर असे आठ-दहा चांगले जोरदार ब्रेक, पण पूर्ण थांबायचं नाही, मधे थोडा वेग घ्यायचा, आणि नंतर दहा-पंधरा मिनिटं ब्रेक जवळजवळ न लावता गाडी चालवून गार करायची. पॅडच्या कंपनीने वेगळी पद्धत सांगितली असेल तर ती करा. गरम असताना पेडल दाबून उभं राहिलात तर पॅडचा ठसा डिस्कवर उमटतो आणि मग ती थरथर मागे लागते. ट्रॅकवरून पिटमध्ये आल्यावरही तेच, हँडब्रेक न ओढता गिअरमध्ये ठेवून चाकाला ठोकळा लावा.

पन्नास-शंभर किलोमीटर झाल्यावर चाकांचे नट परत टॉर्कने बघा आणि ऑइलची पातळीही. जुनं ऑइल वेगळ्या बंद डब्यात ठेवून तिथल्या घातक कचऱ्याच्या सोयीत द्या, गटारात नाही, आणि जुन्या इंजिन ऑइलमध्येही मिसळू नका. शेवटी एका चिकटपट्टीवर तारीख, किलोमीटर आणि ऑइलचं नाव लिहून बॉनेटच्या आतल्या बाजूला लावून टाका, रिझर्व्हॉयरजवळ, झाकण उघडलं की पहिली नजर तिथेच जाईल अशी.